बुंदीचे वरचे दात

कुंडलिक नानांची जुनी घोडी माघात पायानं गेली आणि तिच्याबरोबर नानांची झोपही गेली. बोरी बुद्रुकला नानांचे चार बैल आहेत. ते नांगर ओढत नाहीत, पेरणी करत नाहीत, ऊस वाहत नाहीत. ते यात्रेच्या घाटात पळतात. घाट म्हणजे चढाचा एक मातीचा पट्टा. पुढे घोडी, तिच्यावर स्वार, मागे चार बैल आणि रिकामा गाडा. भंडारा उधळायचा, आरोळी ठोकायची, आणि बारा-तेरा सेकंदांत सगळं संपतं. या तेरा सेकंदांसाठी नानांच्या घरची माणसं बारा महिने शेण काढतात.

पुढे घोडी नसली तर नानांचे बैल जागच्या जागी उभे राहून शेपटीनं माश्या मारतात. हे एकदा अख्ख्या तालुक्यानं पाहिलं होतं, आणि तालुका अशा गोष्टी विसरत नाही.

म्हणून नानांनी नगरकडच्या एका व्यापाऱ्याकडून नवी घोडी आणली. पांढऱ्या अंगावर पिवळट ठिपके. नानांच्या मनात तिचं नाव ‘रणरागिणी’ ठेवायचं होतं. नानांच्या बायकोनं, कुशाबाईंनी, तिला टेम्पोतून उतरताना पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं बया, बुंदीच सांडलीया की हिच्यावर.” घोडी त्या दिवसापासून बुंदी झाली. नानांच्या घरात नानांचं एवढंच चालतं.

घोडी घेताना गेणभाऊ बरोबर होते. गेणभाऊ आमच्या पंचक्रोशीतले दातांचे जाणकार. पन्नास वर्षांत त्यांच्या अंगठ्याखालून गेला नाही असा बैल या भागात नाही. त्यांची रीत ठरलेली. डाव्या हातानं नाक धरायचं, उजव्या अंगठ्यानं खालचा ओठ खाली ओढायचा, एक डोळा मिटायचा आणि वय सांगायचं. बैलाला वर पुढचे दात नसतातच. त्यामुळे गेणभाऊंना आयुष्यात वर बघायची गरज पडली नव्हती, आणि गरज नसताना बघणाऱ्यांपैकी ते नव्हते.

त्यांनी बुंदीचा खालचा ओठ ओढला, एक डोळा मिटला. “मधले दोन दुधाचे पडून नवं आल्यात. तीन वर्साची. मोती हायती नाना, मोती.”

“बाकी तोंड?” नानांनी विचारलं.

“तोंड म्हंजी दात. अजून काय बघायचं असतं तोंडात?”

चैत्रातल्या यात्रेला दोन महिने होते. घोडी शिकवायचं काम सुदर्शनकडे आलं. सुदर्शन नानांचा मुलगा, वय तीस, अंगानं काटकुळा. घरातला सगळ्यात हलका माणूस घोडीवर बसतो, हा न्याय. वजनाच्या बाबतीत नाना स्वतः कुठल्याच न्यायात बसत नव्हते.

पहाटे कालव्याच्या कडेनं सुदर्शन बुंदीला दोरावर गोल फिरवायचा. मग पाठीवर पोतं, मग भरलेलं पोतं, मग तो स्वतः. बुंदी शहाणी होती. चार दिवसांत थांब म्हटलं की थांबू लागली. पाठीमागून बैल आले तरी बिचकू नये म्हणून तिच्या मागं बैलांची घुंगरमाळ वाजवत कुणीतरी पळायला हवं होतं. हे काम कुशाबाईंकडं आलं. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी गळ्यात घुंगरमाळ अडकवून त्या कालव्याच्या कडेनं धावायच्या, आणि कांदा काढायला आलेल्या बाया बांधावर बसून बघायच्या.

“आवं कुशाक्का, जरा जोरात! बैल दमला वाटतं!”

“दमला न्हाई,” कुशाबाई धापा टाकत म्हणायच्या, “मालकाची वाट बघतोय. त्यालाबी माळ घालायचीया.”

मालक तेव्हा ओट्यावर बसून चहा पीत असायचे.

खरा घोळ कडियाळ तोंडात घातल्यावर सुरू झाला. लगामाची ती लोखंडी कांडी तोंडात गेली की बुंदी मान झटकायची. उजवीकडे वळवली तर वळायची. डावीकडचा लगाम ओढला की थेट मागच्या दोन पायांवर. पहिल्या आठवड्यात सुदर्शन तीनदा कांद्याच्या वाफ्यात पडला. बायांनी त्याला पडायचे वार लावून दिले.

“खोडीचं हाय जनावर,” नाना म्हणाले. त्यांनी दारात लिंबू-मिरची बांधली. घोडी दुसऱ्या दिवशीही मागच्या पायांवर उभी राहिली. नानांनी लिंबू बदललं.

याच सुमारास गोठ्यात एक चमत्कार घडला. सकाळी झाडताना कुशाबाईंना बुंदीच्या पुढ्यात चावलेल्या गवताचे गोळे सापडले. लिंबाएवढे, ओलसर, लांबट. दुपारी आणखी. बुंदी मान वाकडी करून, जबडा आडवा फिरवत, बराच वेळ घास घोळवायची आणि मग तो टपकन खाली पडायचा. नाना गव्हाणीपुढं उकिडवे बसले. बराच वेळ बघत राहिले. एका बाजूला चार बैल डोळे मिटून रवंथ करत होते, दुसऱ्या बाजूला घोडी जबडा फिरवत होती. नानांच्या डोक्यात या दोन गोष्टी एकत्र आल्या, आणि त्या डोक्यात एकत्र आलेलं काही पुन्हा सुटं होत नाही.

“रवंथ!” नाना ओरडत बाहेर आले. “घोडी रवंथ करतीया! संगत लागली बैलांची!”

गेणभाऊंना बोलावणं गेलं. गेणभाऊंनी एक डोळा मिटून पाहिलं. “हायच की रवंथ. म्या एकदा ऐकलं व्हतं असं.”

“कुठं?”

“ऐकलं व्हतं.”

नानांनी मोबाइलवर व्हिडिओ काढला. संध्याकाळपर्यंत तो ओतूरपासून मंचरपर्यंत पोचला. माणसं बघायला येऊ लागली. नाना फेटा बांधून गोठ्यात बसू लागले. येणाऱ्याला चहा, आणि जाताना कागदात बांधून एक गोळा. कुणी तो बैलांना चारत होतं, कुणी देव्हाऱ्यात ठेवत होतं. आठ दिवसांत गोठ्यावर फ्लेक्स लागला. त्यावर नाना मोठे होते, बैल मध्यम, बुंदी कोपऱ्यात. खाली लिहिलं होतं, ‘रवंथ करणारी महाराष्ट्रातील पहिली घोडी’. महाराष्ट्राबाहेरचं नानांनी खात्री नसल्यामुळे लिहिलं नव्हतं. नाना तसे सत्याला धरून चालणारे.

घरात एकाच माणसाला हे पटलं नाही. सुदर्शनची बायको आरती. माहेर अवसरी खुर्द, शिक्षण बी.एस्सी., आणि या घरात चार वर्षं घालवूनही विचार करायची सवय सुटलेली नव्हती. तिनं एक गोळा उलगडून पाहिला. गवताच्या काड्या अख्ख्याच्या अख्ख्या होत्या. एका काडीला रक्ताची रेघ होती. लिदीत हरभरे पडत होते, जसे खाल्ले तसे.

“मामा,” ती सासऱ्यांना म्हणाली, “रवंथ करणारं जनावर घास गिळतं. ही टाकती.”

नानांनी तिच्याकडं दयेनं पाहिलं. “सूनबाई, बैलाला पोटं किती?”

“चार कप्पे.”

“आन् घोडीला?”

“एक.”

“मंग ठेवनार कुठं ती? म्हनून टाकती.”

आरतीनं बी.एस्सी. आणि उलगडलेला गोळा, दोन्ही बाजूला ठेवलं.

“माझ्या घरात,” कुशाबाई चुलीपाशी म्हणाल्या, “समदीच रवंथ करत्यात. जुनंच काढायचं आन् पुन्हा चघळायचं. तिला तरी कशाला नावं ठेवता.”

बुंदीच्या बरगड्या दिसू लागल्या. नानांनी खुराक वाढवला. दूध, अंडी, उडदाची डाळ, बैलांना जे ते तिला. ती दूध हुंगून मान फिरवायची. बैल तिच्या वाट्याचंही पिऊन टाकायचे आणि आणखी तेजस्वी दिसायचे. हाही घोडीचाच पायगुण धरण्यात आला.

फाल्गुन संपत आला. घाटात सराव करायचा ठरला. मान झटकते म्हणून नानांनी बाजारातून काटेरी कडियाळ आणलं होतं.

“नाना, त्यानं लागंल तिला,” सुदर्शन म्हणाला.

“लागायसाठीच असतंय ते. लाडू हाय व्हय तोंडात घालायला?”

बैल जुंपले. बुंदी पुढं उभी राहिली, अंग थरथरत, तोंडातून लाळ गळत. आरती बांधावर उभी होती. तिचं लक्ष घोडीच्या डाव्या गालाकडं होतं. तो आतून सुपारी धरल्यासारखा फुगला होता.

“सोडा!”

बैल उधळले. बुंदीनं झेप घेतली, अर्धा घाट सुसाट गेली. मग ती किंचित उजवीकडं कलली म्हणून सुदर्शननं डावा लगाम आखडला. बुंदीनं मान अशी वर झटकली की तिच्या कपाळाचं हाड सुदर्शनच्या तोंडावर बसलं. ती उभी राहिली, तो खाली आला, आणि चार बैल अन् मोकळा गाडा त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून निघून गेला. धुरळा खाली बसला.

सुदर्शन उठून बसला. तोंड रक्तानं भरलेलं. माणसं धावली. सगळ्यात आधी नाना धावले, बैलांकडं. चौघांच्या पायांवरून हात फिरवला, मग मुलाकडं आले.

“काय न्हाई झालं. ऊठ.”

“नाना, दात,” सुदर्शन तोंडावर हात धरून म्हणाला.

“गेणभाऊ, बघा बरं.”

गेणभाऊ पुढं झाले. डाव्या हातानं सुदर्शनचं नाक धरलं, उजव्या अंगठ्यानं खालचा ओठ खाली ओढला, एक डोळा मिटला. “समदं जाग्यावर हाय. उगी घाबरतंय पोरगं.”

सुदर्शनचा वरचा पुढचा दात त्याच्या स्वतःच्या तळहातावर होता.

आरतीनं तो दात पाहिला, गेणभाऊंचा अंगठा पाहिला, आणि मग मान वळवून घोडीकडं पाहिलं. तिला एकदम सगळं कळलं. या गावात पन्नास वर्षांत कुणी वर बघितलंच नव्हतं.

आळेफाट्याला बन्सीलालशेठचं पेंडीचं दुकान आहे. त्यांची मुलगी हर्षा जनावरांची डॉक्टर, पुण्यात घोड्यांवरच काम करते. ती दोन दिवस माहेरी आली होती. सुदर्शनला दातांच्या दवाखान्यात बसवून आरती दुकानात गेली.

“डोकं झटकते?” हर्षानं विचारलं.

“हो.”

“डावा लगाम ओढल्यावर जास्त?”

“तेव्हाच उभी राहती.”

“घास टाकते, लिदीत दाणे, तोंडाला घाण वास?”

“गोठ्यात उभं राहवत न्हाई ताई.”

“आणि घरचे काय म्हणतात?”

आरतीनं सांगितलं. गल्ल्यावर बसलेल्या बन्सीलालशेठनी चष्मा काढून पुसला, परत लावला. “तो गोळा माझ्याकडं पण आलाय,” ते म्हणाले. “मी गल्ल्यात ठेवलाय.”

हर्षा हसली नाही. “अडीच-तीन वर्षांना घोड्याच्या दाढा बदलतात. दुधाच्या दाढांची टरफलं नव्या दाढांवर अडकून बसतात. कडा सुरीसारख्या होतात, गाल कापतात. पण मला आत बघावं लागेल. आणि तोवर तिच्यावर कुणी बसू नका. पुढच्या वेळी नुसता दात जाणार नाही.”

पुढची वेळ म्हणजे यात्रा चोवीस दिवसांवर होती, आणि ती चार बैलांसमोर होती.

नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पेंड तोलनाऱ्याची पोरगी माझ्या घोडीच्या तोंडात हात घालनार? आन् रवंथ बिघडली म्हंजी? फ्लेक्स काय धुऊन पिऊ?”

आरती भांडली नाही. भांडण हे या घरात नानांचं राखीव कुरण होतं. तिनं चहाचा कप पुढं ठेवला. “तसं न्हाई मामा. त्या डॉक्टर म्हणत होत्या, पुण्यात कुणी रवंथ करणारी घोडी बघितली न्हाई. तपासून लेखी देत्या. सही-शिक्क्याचं.”

नानांचा कप बशीवर थांबला. “दाखला?”

“इंग्रजीतनं.”

रविवारी नानांच्या गोठ्यापुढं मांडव घातला होता. शेजारच्या वस्तीवरचे गाडामालक दादाभाऊ पुढच्या खुर्चीवर येऊन बसले होते, नानांचं वाईट होताना जवळून दिसावं म्हणून. हर्षा जीन्स आणि गमबूट घालून आली. नानांनी तिला नारळ दिला. तिनं तो बाजूला ठेवून बादलीभर कोमट पाणी मागितलं.

तिनं बुंदीच्या मानेत गुंगीचं इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांत घोडीची मान जड होऊन खाली आली, खालचा ओठ लोंबू लागला. सुदर्शननं तिचं डोकं खांद्यावर घेतलं. त्याच्या पुढच्या दातात फट होती, तिच्या ओठातून लाळ. हर्षानं लोखंडी चौकट तोंडात बसवून जबडा उघडा केला. वास मांडवभर पसरला. पहिल्या रांगेतले मागच्या रांगेत गेले. फक्त दादाभाऊ हलले नाहीत.

हर्षानं बॅटरी लावली. “या, कुणाला बघायचंय?”

“गेणभाऊ, तुमी बघा,” नाना म्हणाले.

गेणभाऊ पुढं झाले, एक डोळा मिटला आणि खाली पाहिलं.

“वर बघा, बाबा,” हर्षा म्हणाली.

गेणभाऊ थबकले. मग त्यांनी मान मागं टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा वर पाहिलं. मिटलेला डोळा आपोआप उघडला. वरच्या दाढांच्या कडा करवतीसारख्या बाहेर आल्या होत्या. डाव्या गालाला बोटभर जखम, तिच्यात कुसळं रुतलेली. पहिल्या दाढेच्या पुढं एक बारका, बिनकामाचा सुळका उगवला होता, आणि कडियाळ बरोबर त्याच्यावर बसत होतं.

“एवढं समदं वर असतं व्हय?” गेणभाऊ हळूच म्हणाले.

“आन् रवंथ?” दादाभाऊंनी खुर्चीतून मोठ्यानं विचारलं. सगळ्यांनी ऐकावं म्हणून दोनदा विचारलं.

“घोडा रवंथ करत नाही,” हर्षा म्हणाली. “तिला चावता येत नाही. दुखतं. म्हणून टाकते.”

कागदात गोळे बांधून नेलेली माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघेनात. नाना कनातीकडं बघत होते.

हर्षानं दुधाच्या दाढांची दोन टरफलं काढली. बाटलीच्या बुचासारखी निघून आली. गुंगी असूनही सुळका काढताना बुंदीची पाठ थरथरली. मग लांब दांड्याची कानस आत घालून ती दाढा घासू लागली. खर्र खर्र आवाज दाताखाली खडा यावा तसा अंगावर येत होता. घाम तिच्या हनुवटीवरून बादलीत पडत होता. अर्ध्या तासानं तिनं आत हात घालून प्रत्येक कड अंगठ्यानं तपासली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि जंताचं औषध आरतीच्या हातात ठेवलं.

“दहा दिवस तोंडात लोखंड नको. मऊ खाणं. नंतर साधं कडियाळ. हे,” तिनं काटेरी कडियाळ उचललं, “मी नेते.”

“न्या,” सुदर्शन नानांच्या आधी म्हणाला. घरात हा आवाज नवीन होता.

नानांनी घसा खाकरला. “दाखला ऱ्हायला.”

हर्षानं त्यांच्याकडं पाहिलं, आरतीकडं पाहिलं. मग बॅगेतून कागद काढला, चार ओळी लिहिल्या, सही केली, शिक्का मारला.

दहा दिवस सुदर्शननं बुंदीला तोंडात काही न घालता, नुसत्या दोरीच्या मोरकीवर फिरवलं. पाचव्या दिवशी गव्हाणीपुढं एकही गोळा नव्हता. अकराव्या दिवशी साधं कडियाळ घातलं. आरतीनं आधी ते हातात धरून गरम केलं. बुंदीनं ते जिभेनं चाचपलं, वाट बघितली. काही दुखलं नाही. सुदर्शननं डावा लगाम बोटभर ओढला. आरतीनं ओढणीचं टोक दातांत धरलं. बुंदी डावीकडं वळली. मागं कुशाबाई घुंगरमाळ घालून उभ्या होत्या. त्यांनी माळ काढून सुनेच्या हातात दिली आणि बांधावर बसून रडल्या. दमले म्हणून रडले, असं त्यांनी नंतर सांगितलं.

यात्रेला नानांची बारी सव्वाबाराला लागली. घाट बारा सेकंदांत गेला. बुंदी वर पोचली, वळली, थांबली. सुदर्शन तिच्यावरून आपल्या पायांनी उतरला. आरतीला घड्याळातला आकडा विचारला असता तर सांगता आला नसता. तिनं फक्त उतरताना टेकलेले ते दोन पाय पाहिले.

पुकारणाऱ्यानं नानांना माइकपाशी बोलावलं. दादाभाऊ खालून ओरडले, “नाना, रवंथीचं काय झालं?”

नाना जराही चळले नाहीत. “पळनाऱ्या जनावरानं खान्यात येळ घालवू न्हाई. म्हनून म्याच बंद केली.”

टाळ्या झाल्या. गेणभाऊ शेजारी उभे होते. “वरचं दात बघा, असं मी पयल्यापासनं म्हनत व्हतो,” ते म्हणाले. हल्ली ते बैल बघायला गेले तरी आधी वरचा ओठ उचलतात, तिथं काही नाही हे बघून मान हलवतात आणि जास्तीचं वय सांगतात.

फ्लेक्स नानांनी उतरवला नाही. ‘करणारी’वर पांढरा रंग मारून ‘केलेली’ लिहून घेतलं. पुराव्याला खाली काचेच्या फ्रेममध्ये दाखला लावला आहे. बघायला येणाऱ्याला नाना तो छडीनं दाखवतात. “सही-शिक्क्याचा. पुन्याच्या डॉक्टरचा.” गावात इंग्रजी वाचणारी पन्नासएक पोरं आहेत, त्यातली चार इंजिनिअर, पण नानांचा चहा पिऊन नानांच्या तोंडावर तो कागद मोठ्यानं वाचावा, इतकं कुणीच शिकलेलं नाही.

त्यात लिहिलंय की ही घोडी रवंथ करत नाही, कधी केलेली नाही, आणि कोणतीच घोडी करू शकत नाही. दात नीट केले आहेत. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवणे. घरच्यांनी वर बघण्याची सवय ठेवणे.

आरती रोज सकाळी त्या फ्रेमखाली झाडते. गेल्या आठवड्यात नानांनी तिला विचारलं, “सूनबाई, तुला तर येतं इंग्रजी. काय लिव्हलंय गं नेमकं?”

आरतीनं खराटा थांबवला. वर, कागदाकडं पाहिलं. मग खाली, गव्हाणीपुढच्या स्वच्छ जमिनीकडं.

“चांगलं लिव्हलंय, मामा. सहा महिन्यांनी परत बोलवायचंय त्यांना, तेवढं ध्यानात ठेवा.”

“बोलवू की. नवा दाखला मिळंल.”

नाना फेटा सावरत ओट्यावर गेले. मागं बुंदी कडबा खात होती. दोन्ही बाजूंनी चावत होती, आणि गिळत होती.